भिवसनभाऊ वायरिंगवाले

भिवसन तायडे यांचा मी दहा-बारा वर्षं हेवा केला. आमचं कधी भांडण झालं नाही. आमच्यात आवाज चढलेला कुणी ऐकला नसेल. दोघांच्या पत्र्याच्या शेड एकमेकींना लागून, चहा एकाच किटलीतला, गिऱ्हाईकही एकच. बाहेरून बघणाऱ्याला आम्ही भाऊ-भाऊ वाटायचो. पण सकाळी शेडचं कुलूप काढताना मी आधी त्यांच्या दाराकडे बघायचो, आणि तिथं माझ्याआधी कुणी गिऱ्हाईक उभं दिसलं की माझा दिवस तिथेच नासायचा.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. जळगावात अजिंठा रोडला माझं गॅरेज होतं. डिझेल स्वस्त म्हणून ज्याच्याकडे जुनी पेट्रोलची जीप किंवा अॅम्बॅसडर असेल तो ती घेऊन यायचा आणि म्हणायचा, "वसंतभाऊ, हिच्यात डिझेलचं इंजिन टाकून द्या." यावल-रावेरकडचे केळीवाले यायचे, धुळ्याचे डॉक्टर-वकील यायचे. जुनं इंजिन उतरवायचं, नव्याला बसायला लोखंडी पाय करायचे, गिअरबॉक्सशी मेळ घालायचा, रेडिएटर पुढे सरकवायचा. या कामात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. हे मी फुशारकीनं सांगत नाही, तेव्हा सगळेच म्हणायचे.

पण इंजिन बसलं म्हणजे गाडी झाली, असं नसतं. जुन्या गाडीच्या नसा वेगळ्या, नव्या इंजिनाच्या वेगळ्या. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, डिझेलला ती लागतच नाही. त्याला थंडीत आधी तापवणारे हीटर प्लग लागतात. जुन्या गाडीत डायनॅमो, नव्यावर अल्टरनेटर. किल्ली फिरवली की पेट्रोलची गाडी बंद पडते, डिझेलची पडत नाही. तिचं डिझेल तोडावं लागतं. ही सगळी वायरिंग नव्यानं करावी लागते, आणि तिथं माझी बोंब होती. लोखंड मला कळायचं. करंट दिसत नाही, त्याचा आवाज नाही, त्याच्याशी माझं कधी जमलं नाही.

धुळ्याच्या एका डॉक्टरांची गाडी माझ्याकडे तीन आठवडे अडकून पडली होती. इंजिन झकास बसलं होतं, पण अल्टरनेटर जोडला की जळायचा. दोन जळाले. डॉक्टर दर रविवारी यायचे, काही न बोलता गाडीभोवती एक फेरी मारायचे आणि परत जायचे. शेवटी तेच म्हणाले, "नरडाण्याला तायडे म्हणून एक जण आहेत. हायवेवरच्या ट्रकांचं वायरिंग करतात. त्यांना आणतो."

पुढच्या रविवारी सुरत लाइनच्या पॅसेंजरनं ते आले. उंच, सडपातळ, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, आणि अंगात पांढरा स्वच्छ पूर्ण बाह्यांचा शर्ट. गॅरेजमध्ये पांढरा शर्ट! मी मनात हसलो. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यातून त्यांनी एक बल्ब काढला, त्याला दोन वायरी जोडलेल्या. बॉनेटमध्ये तो बल्ब दोन-तीन ठिकाणी लावून पाहिला, मग बॅटरीकडे बघत मिनिटभर उभे राहिले.

"डॉक्टरसाहेब, गाडी जुनी शे," ते अहिराणीत म्हणाले. "इन्हा बॅटरीना प्लस बॉडीले जोडेल शे. नवा इंजिनले मायनस बॉडीले लागस."

तेवढंच. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचं टोक उलटं जोडलेलं असायचं, हे मला ठाऊकच नव्हतं. वीस वर्षं गाड्या उघडत होतो आणि ते कधी डोळ्यांना दिसलं नव्हतं. मी मान खाली घालून पाना पुसत राहिलो. आता हा माणूस डॉक्टरांसमोर माझी अब्रू काढणार. पण भिवसनभाऊ म्हणाले, "इंजिन बसाडनारा हात भारी शे. गाडीच उलटी, त्यात त्यास्ना काय दोष?"

एखाद्यानं तोंडावर मूर्ख म्हटलं तर त्याचा राग धरता येतो. सांभाळून घेणाऱ्याचं काय करायचं? माझ्या हेव्याची सुरुवात नेमकी त्या वाक्यापासून झाली.

मीच त्यांना जळगावला बोलावलं, हेही सांगायला हवं. गरज माझी होती. शेजारची शेड रिकामी होती, ती त्यांनी घेतली. बायको-मुली नरडाण्यालाच, हे आठवड्यातून एकदा घरी जायचे.

त्यांच्या कामाची रीत बघण्यासारखी होती आणि मी ती चोरून बघायचो. गाडी आली की पहिला अर्धा दिवस ते काहीच करायचे नाहीत. म्हणजे मला तसं वाटायचं. डॅशबोर्डखाली आडवं पडून बल्ब लावत एकेक वायर कुठून कुठं जाते ते बघायचे आणि शाळेच्या वहीत पेन्सिलनं काढायचे. त्यांच्याकडे शिंप्याकडून आणलेले रंगीत दोऱ्यांचे तुकडे असायचे. दिव्याच्या वायरीला पिवळा, चार्जिंगच्या वायरीला लाल, हॉर्नला हिरवा. दोरा बांधल्याशिवाय एकही वायर तोडायची नाही. मी इंजिन उतरवायला चेन लावून तयार, आणि हे दोरे बांधतायत. गिऱ्हाईक खुर्चीवर बसून ते कौतुकानं बघतंय. माझ्या पन्नास किलो उचलण्याकडे कुणाचं लक्ष नाही.

जुन्या गाडीतला करंट दाखवणारा अँपिअरचा काटा ते सगळ्यात आधी काढून टाकायचे. जुन्या डायनॅमोचा करंट थोडा, तो सगळा त्या काट्यातून जायचा. नव्या अल्टरनेटरचा करंट तिपटीनं जास्त. तो त्याच काट्यातून नेला तर डॅशबोर्ड पेटतो. "जुना माणसाना डोकावर नवा बोजा ठेवू नही," असं ते गिऱ्हाइकाला समजावायचे. त्यांचं दुसरं एक ठरलेलं बोलणं होतं. "करंटले जावानी वाट बठ्ठा जन देतस. येवानी वाट कोनी देत नही." बॅटरीतून निघालेला करंट परत बॅटरीकडे यावा लागतो. तो गाडीच्या बॉडीतून येतो. पण इंजिन रबराच्या पायांवर बसलेलं असतं, रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यात तांब्याची विणलेली जाड पट्टी लावावी लागते. ती पट्टी ते स्वतः लावायचे, जागा घासून चकचकीत करायचे, नट आवळायचे, आणि वर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. अर्धा ठिपका नटावर, अर्धा बोल्टवर. पिशवीत बायकांची नेलपॉलिशची बाटली बाळगणारा वायरमन मी दुसरा पाहिला नाही.

हीटर प्लगचीही त्यांची एक तऱ्हा होती. डिझेल इंजिन सकाळी सुरू करताना प्लग पंधरा-वीस सेकंद तापू द्यावे लागतात. गिऱ्हाइकाला ते थांबणं जमत नाही. मग भिवसनभाऊ विचारायचे, "तुमले पाठ काय शे?" गिऱ्हाईक म्हणे अमुक श्लोक. "म्हना पाहू." घड्याळ लावून ऐकायचे. "हाई बरोबर शे. हाई म्हना, मंग सेल्फ मारा." कुणी आरतीचं पहिलं कडवं म्हणायचं, सुपारीवाले मारवाडी शेठ त्यांचा मंत्र, जमील ड्रायव्हर कलमा. एक मास्तर सतराचा पाढा म्हणायचे. मी एकदा विचारलं, तुम्ही काय म्हणता? ते थोडे लाजले. "मी नुसता श्वास मोजस. चार."

ही गोष्ट जळगावभर झाली. लोक गाडी सुरू करताना हसत-हसत म्हणायचे, तायडेंचा मंत्र. आणि गाडी कुठं केली असं कुणी विचारलं की सांगायचे, तायडेंकडे. एकदा एका माणसानं माझ्यासमोर दुसऱ्याला पत्ता सांगितला, "अजिंठा रोडला, तायडे वायरिंगवाल्यांच्या शेजारी एक मेकॅनिक आहे ना, तिथंच." तो एक मेकॅनिक म्हणजे मी.

माझ्या घरातही ते शिरले होते. शकुंतला, माझी बायको, डब्यात दोन भाकरी जास्त द्यायला लागली. भरीत केलं की तायडेभाऊंना वेगळं. त्यांनी आमचा बंद पडलेला रेडिओ उघडून तिला आत काय बिघडलं ते समजावून सांगितलं, तर चार दिवस ती मला ऐकवत होती. "तुम्ही कधी असं नीट सांगता का? विचारलं की डाफरता." मी डाफरलो.

आणि जे खरं ते आता लपवत नाही. ते बौद्ध, मी फैजपूरकडच्या शेतकरी घरातला. किटली एक होती, पण माझ्या आईनं गावाहून येऊन त्यांचा कप वेगळा ठेवला तेव्हा मी आईला काही बोललो नाही. भिवसनभाऊंनी दुसऱ्या दिवसापासून स्वतःचा पेला आणला आणि तेही काही बोलले नाहीत. जयंतीला ते चौकातल्या कमानीचं लाइटिंग करायचे, तेव्हा शहरातले मोठमोठे लोक त्यांना तायडेसाहेब म्हणायचे. ते ऐकून मला जे व्हायचं, ते नुसत्या धंद्यातल्या चढाओढीचं नव्हतं. आणखी काही खालचं, घरातून आलेलं त्यात होतं. त्या वेळी मी ते स्वतःशीही कबूल केलं नसतं.

वासुदेवनाना फैजपूरचे, आईचे चुलतभाऊ. केळीचे व्यापारी. वडील लवकर गेल्यावर मला शाळेतून काढून गॅरेजला त्यांनीच लावलं होतं. पहिला पान्यांचा डबा त्यांनी घेऊन दिलेला. नाना कधी शाबास म्हणायचे नाहीत. नानांची जीप माझ्याकडे येईल, मी तिच्यात इंजिन टाकीन, आणि नाना म्हणतील, वसंता, काम केलं रे तू. हे चित्र मी कित्येक वर्षं मनात घेऊन होतो.

एका मार्चमध्ये नाना जीप घेऊन आले. उतरले आणि पहिलं वाक्य बोलले, "वसंता, ते तायडे कुठी हाये? मले त्यायले भेटायचं हाये."

मी बोट दाखवलं.

तीन आठवडे काम चाललं. त्या जीपचे पाय मी दोनदा तोडून पुन्हा केले, एक सूत फरक नको म्हणून. नाना यायचे ते भिवसनभाऊंच्या शेडमध्ये बसायचे. भिवसनभाऊंनी गाडी बंद करायचा ओढायचा दट्ट्या किल्लीच्या अगदी शेजारी लावला होता. नानांचा हात तीस वर्षं पेट्रोलच्या किल्लीला सरावलेला. म्हणून भिवसनभाऊ त्यांना जीपमध्ये बसवून पुन्हापुन्हा करायला लावायचे. "नाना, समोर बैल इना! काय करशात?" नाना किल्ली फिरवायचे. "नही, नाना. दट्ट्या." पुन्हा. दहा वेळा, पंधरा वेळा. नाना, ज्यांना घरात कुणी उलटून बोलत नसे, लहान मुलासारखे हसत दट्ट्या ओढायचे. मी जीपखाली पडून ते हसणं ऐकायचो.

जीप तयार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना ती न्यायला येणार होते. भिवसनभाऊ दुपारी काही सामान आणायला भुसावळला गेले. ऊन रणरणतं होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. मी बॉनेट उघडलं. पाना घेतला आणि इंजिन-बॉडीच्या मधल्या त्या तांब्याच्या पट्टीचा नट चार आटे ढिला केला. पट्टी जागेवरच दिसत होती, पण लोंबती.

माझा हिशेब सरळ होता. सकाळी नाना किल्ली मारतील, सेल्फ फिरणार नाही. भिवसनभाऊ सगळ्यांसमोर घाबरेघुबरे होऊन बल्ब लावत बसतील. मग मी जाईन, नट आवळीन, आणि म्हणेन, होतं असं कधीकधी. बस, एवढंच. मला त्यांचं वाईट करायचं नव्हतं, मी स्वतःला सांगितलं. फक्त पाच मिनिटं.

पण नाना त्याच दिवशी चारला आले, काकूंना घेऊन. पहूरला त्यांच्या साडूकडे साखरपुडा होता, तो आयत्या वेळी संध्याकाळचा ठरला होता. "दे किल्ली," म्हणाले.

मी म्हटलं, "तायडेभाऊ नाहीत."

"त्यायनं मले सारं शिकवलं हाये. तुह्यापेक्षा ज्यास्त." आणि काकूंकडे वळून म्हणाले, "लई मोठा मानूस. म्या आतापोतर असा कारागीर नाही पाह्यला."

नानांनी ओठांत काही तरी पुटपुटत प्लग तापवले आणि किल्ली मारली. सेल्फ जडपणे, कण्हत फिरला. आणि इंजिन सुरू झालं.

मी चकितच झालो. पट्टी सुटलेली असताना करंट परत कुठून आला, हे मला कळेना. मला फक्त म्हणायचं होतं, नाना, थांबा, एक नट बघतो. तेवढेच शब्द. बॉनेट उघडून अर्ध्या मिनिटाचं काम. पण "असा कारागीर नाही पाह्यला" माझ्या कानात वाजत होतं. मनात आलं, चालू झाली ना, मग काय होणार आहे? फार तर वाटेत बंद पडेल. पडू दे. मग बघू मोठा कारागीर.

जीप गेली.

करंटनं आपली वाट शोधली होती. एक्सिलेटरची पोलादी केबल एका टोकाला इंजिनाला आणि दुसऱ्या टोकाला बॉडीला टेकलेली होती; सेल्फचा तो प्रचंड करंट त्या बारक्या केबलीतून परत जात होता. केबल तापली, आतलं अस्तर वितळायला लागलं. पहूरच्या अलीकडे नानांनी चहासाठी गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली. तेव्हा ती आणखी तापली. आणि रस्त्याला लागून वेग घेतल्यावर केबल जागेवर चिकटली. नानांनी पाय उचलला, गाडीचा वेग कमी होईना. समोर भरलेली बैलगाडी. नानांनी किल्ली फिरवली. काही झालं नाही. काकू नंतर सांगायच्या, नाना ओरडले "दट्ट्या!" आणि ओढला. इंजिन बंद पडलं, जीप रस्ता सोडून चारीत उतरली आणि बाभळीला धडकली. काकूंच्या कपाळाला खोक पडली. नानांचा उजवा हात कोपरात दोन ठिकाणी मोडला.

निरोप आला तेव्हा भिवसनभाऊ भुसावळहून परतले होते. आम्ही दोघं मिळेल त्या ट्रकनं गेलो. वाटेत मी सारखा म्हणत होतो, काय झालं असेल हो, काय झालं असेल. जीप तिरकी उभी होती. त्यांनी बॉनेट उचललं. जळलेल्या केबलीचा वास तिथं अजून होता. ते खाली वाकले, पट्टी बोटानं हलवली, नटाकडे बघितलं. लाल ठिपका दुभंगला होता. नटावरचा अर्धा एकीकडे, बोल्टवरचा अर्धा दुसरीकडे. धडकेनं नट चार आटे मागे फिरत नाही. पान्यानं फिरतो.

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मग रुमालानं हात पुसले.

दवाखान्यात नानांच्या खाटेभोवती पंधरा माणसं होती. फैजपूरची, आमच्या भाऊबंदांतली. कुणीतरी दरडावून विचारलं, "काय झालं होतं गाडीले?" मी भिवसनभाऊंच्या मागे उभा होतो. भिवसनभाऊ अहिराणी सोडून शुद्ध मराठीत बोलले. गंभीर काही असलं की ते तसंच बोलायचे.

"इंजिनच्या पट्टीचा नट ढिला राहिला. वायरिंग माझं आहे. जबाबदारी माझी."

नानांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

पुढं फार सांगण्यासारखं नाही. महिन्याभरात त्यांच्या शेडपुढे गाड्या उभ्या राहायच्या थांबल्या. नट ढिला ठेवणारा वायरमन, असं झालं. मे संपता-संपता त्यांनी सामान बांधलं. शकुंतलेला नमस्कार करून गेले, मला "येतो" म्हणाले. ती दोन दिवस जेवली नाही. मला म्हणाली, "तायडेभाऊंच्या हातून नट ढिला राहील, हे मला पटत नाही." मी डाफरलोसुद्धा नाही.

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. पाटीवर एकट्याचं नाव, गिऱ्हाईक माझं, वायरिंगला एक पोरसवदा गडी ठेवला. आणि हेवा गेला नाही! उलट वाढला. दवाखान्यातलं ते वाक्य मला सोडेना. मला वाटायचं, काय हा मोठेपणा. सगळं ओळखून त्या माणसानं माझं पाप अंगावर घेतलं. तेही त्याच्याकडेच गेलं, तिथंही मी मागेच उभा. कामात त्याच्याशी बरोबरी नाही, चांगुलपणात नाही. असा मी सहा वर्षं कुढत राहिलो.

नव्वदनंतर कधीतरी धुळ्याला लग्नाला गेलो होतो. तिथं कळलं, तायडे आता धुळ्यातच असतात, पारोळा रोडला त्यांची शेड आहे. दुपारी गेलो. केस पांढरे झाले होते, शर्ट तसाच पांढरा. परदेशी बनावटीची नवी मोटार समोर होती, त्यांनी तिच्या वायरींचं चित्र जमिनीवर खडूनं काढलं होतं. मला बघून उठले नाहीत. "बसा," म्हणाले.

मी उभ्यानंच सांगितलं. सगळं. दुपार, पाना, चार आटे, नानांचं वाक्य. शेवटी म्हणालो, "तुम्ही देवमाणूस. माझ्यासाठी एवढा मोठा आळ घेतलात."

त्यांनी खडू खाली ठेवला.

"तुमच्यासाठी?" ते म्हणाले. शुद्ध मराठीत. "वसंतभाऊ, खाटेभोवती पंधरा माणसं होती. सगळी तुमच्या नात्याची. मी म्हटलं असतं की वसंतभाऊंनी नट ढिला केला, तर पुरावा काय दाखवणार होतो? नेलपॉलिश? त्यातल्या एकानं तरी माझं ऐकलं असतं? उलट म्हणाले असते, स्वतःची चूक आमच्या पोरावर ढकलतो. तिथून मी चालत बाहेर आलो असतो की नाही, मला खात्री नव्हती. मला दोन मुली होत्या."

मी तिथंच खाली बसलो.

"मोठेपणा नव्हता तो. मला दुसरी वाट नव्हती. मी तुमच्यावर फार चिडलो होतो. आजही चिडलेलोच आहे." मग म्हणाले, "तुम्हाला माझा हेवा वाटायचा, ते मला कळत होतं. मला वाटायचं, काम बघून जाईल हळूहळू. आणि तुम्ही केलेले इंजिनाचे पाय बघून मलाही वाटायचंच की. पण मी पाना घेतला नाही."

"मी काय करू आता?"

"मला काय विचारता? हात माझा मोडला नाही. नानांना सांगा."

एवढं बोलून ते पुन्हा खडू घेऊन जमिनीवर वाकले.

फैजपूरला जायला मला आणखी आठ महिने लागले. नाना ओट्यावर बसले होते. कोपर कधी सरळ झालं नव्हतं, ताटही डाव्या हातानं ओढायचे. मी सांगत होतो तेव्हा काकू दारात आल्या आणि सगळं ऐकून आत गेल्या. नानांनी एकच विचारलं, "गाडी सुरू झाली तव्हा तू तठीच उभा व्हता?"

"हो."

"आन् बोलला नाही."

"नाही."

"जाय," ते म्हणाले.

तेव्हापासून नाना माझ्याशी बोलले नाहीत. भाऊबंदांत हळूहळू पसरलं. काही गिऱ्हाईक तुटलं, काही राहिलं. शकुंतलेला मी आधीच सांगितलं होतं. तिनं ऐकलं, आणि तिच्या बोलण्यात तेव्हापासून जो एक गारठा आला तो आजही थोडा आहे. हे सगळं माझं आहे, मी भोगलं, त्याचं सांगणं इथं नको.

भिवसनभाऊंना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. पुढच्या हिवाळ्यात सामान आणायला धुळ्याला गेलो होतो. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसलो होतो, बस स्टँडच्या बाहेर पडून गर्दीत अडकली. रस्त्यापलीकडे एका हॉटेलच्या बाकावर पांढरा शर्ट दिसला. भिवसनभाऊ. आणि त्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, वासुदेवनाना. फैजपूरहून धुळे काही जवळ नाही, नाना कसे आले, आधी किती वेळा आले, मला माहीत नाही. नानांच्या डाव्या हातात चहाचा ग्लास होता. ते काहीतरी सांगत होते आणि भिवसनभाऊ मान खाली घालून ऐकत होते. मग भिवसनभाऊ काही तरी म्हणाले, आणि नाना, ज्यांना मी माझ्या कुठल्याही कामावर खूश झालेलं कधी पाहिलं नाही, ते मान मागे टाकून हसले. चहा सांडला. भिवसनभाऊंनी रुमाल काढून त्यांच्या धोतरावरचा चहा टिपला, अगदी सहज, घरातल्यासारखा.

मला उतरता आलं असतं. कंडक्टरनं अजून घंटी दिली नव्हती. मी दांडीला हात घातला, अर्धा उठलोही. पण त्या बाकावर दोघांपुरतीच जागा होती.

गर्दी हलली, बस निघाली. मी मान वळवून, ती दुखेपर्यंत, मागच्या काचेतून बघत राहिलो.